आमच्या घराण्याचे डोळे

१ जानेवारी १९९८, सकाळी ६
खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली डायरी. संकल्प: रोज लिहायचं. वर्गात चिडायचं नाही. आणि संयोगिताचं यंदा उरकायचं. माझी थोरली बहीण बनाक्का, हिला पोरगी पाळण्यात असतानाच शब्द दिलाय. तिच्या अमरसिंहाला मामाची, म्हणजे माझी मुलगी. आमच्यात रीतच आहे. आजोबांनी मामाची मुलगी केली, वडिलांनी केली. मीही केली असती, पण मामाला मुलगीच नव्हती. बनाक्कालाही नात्यातच दिली. बी शुद्ध राहतं.
मी स्वतः बायॉलॉजीचा शिक्षक. पंचवीस वर्षं सर्व्हिस. अंधश्रद्धा अजिबात नाही.

९ जानेवारी
अकरावीचं प्रॅक्टिकल. कांद्याचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब, मायक्रोस्कोपखाली. प्रत्येक पेशीत केंद्रक दिसायला हवं. साठ पोरांना दिसलं. मला नाही. आरसा फिरवला, टेबल खिडकीशी ओढलं, तरी नाही. मायक्रोस्कोप खराब. लॅबचा शिपाई कृष्णात डोळा लावून म्हणाला, सर, दिसतंय की झ्याक, ठिपका हाय न्हवं का त्यो. सातवी पास माणूस, त्याला काय फोकस कळतो? नव्या मायक्रोस्कोपसाठी अर्ज दिला.

२० जानेवारी
संध्याकाळी सायकल म्हशीवर घातली. म्हैस काळी, रस्ता काळा, दिवे मंद. वर्तमानपत्राला पत्र लिहिणार.
सौ. उगाच वडिलांची आठवण काढते. वडिलांचे डोळे पन्नाशीत गेले, पण ते तंबाखूनं. चुलते विहिरीत पडले, ते दारूनं. सौ. म्हणते, ते पीत नव्हते. नसतील. मग पडले कसे?

२ फेब्रुवारी
गडमुडशिंगीला बनाक्काकडे. अमरसिंह गुणी पोरगा. दिवेलागणीच्या आत जेवतो, अंधार पडल्यावर उंबरा ओलांडत नाही. हल्ली कुठल्या पोरात आहे ही शिस्त? पाण्याचा तांब्या देताना त्यानं माझ्या हाताशेजारी सोडला. मीही भलतीकडेच हात केला होता. धोतर भिजलं. बनाक्का म्हणाली, आपल्या घराण्याचं डोळं उतरल्यात रं त्येच्यात, बाळासो. अभिमान वाटला.

१६ फेब्रुवारी
बारावीची उजळणी. आनुवंशिकता. वाटाण्याचा तक्ता, चार खोकी. एका पोरीनं विचारलं, सर, एकाच्यात रोग उघड आहे आणि दुसरीच्यात नुसता लपलेला आहे, तर त्यांच्या पोरांचं काय? फळ्यावर मांडून दाखवलं. दोनांत एक रोगी. पुन्हा मांडलं. दोनांत एकच. तास संपायच्या आत फळा पुसला. वाटाण्याची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी.

२४ फेब्रुवारी
संयोगिता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. हुशार, माझ्यावर गेलीय. आज तिचं जर्नल हाती लागलं. त्यात आमच्याच घराण्याचा तक्ता काढलाय! पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, डोळे गेलेल्यांना काळा रंग. वडील काळे, चुलते काळे, अमरसिंह काळा. आणि मीही काळा! मास्तरांना दाखवायचं हे?
म्हणाली, आबा, तुमच्याकडनं माझ्यात एक दोष आलाच असणार. अमरदादात दोन्ही हैत. माझी निम्मी पोरं आंधळी व्हतील, आणि हे तुम्हीच शिकवलाय की.
थोबाडीत मारली. अंदाज चुकला, दाराच्या चौकटीवर बसली. हात सुजलाय. तिनंच हळद लावून बांधला. पश्चात्ताप झालेला दिसतो.

६ मार्च
सौ.च्या हट्टापायी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अंधाऱ्या खोलीत बत्ती मारून म्हणाला, डोळ्याचा पडदा वाळत चाललाय. बाजूचं दिसणं गेलंय, मधलंही जाईल. औषध नाही. हे पिढीजात आहे, मुलांची लग्नं नात्यात करू नका.
तिशीचाही नसेल. अनुभव शून्य. बाहेर बाकावर बसलेल्या सौ.ला सांगितलं, नंबर वाढलाय. उद्यापासून गाजराचा रस.
एक मात्र आहे. हे फुटलं, तर बाहेरचं कोण आमची पोरगी करणार? म्हणजे अमरसिंहच बरा. घरातली गोष्ट घरात राहील. शांतपणे विचार केला की सगळं सुटतं.

२८ मार्च
संयोगिताचं कॉलेज बंद केलं. परीक्षा बारा दिवसांवर होती, पण लग्न ठरल्यावर परीक्षेचं काय काम? जर्नल बंबात घातलं. नीट पेटलं का ते सौ.ला बघायला सांगितलं. पोरगी रडली नाही की बोलली नाही. पटलेलं दिसतंय.

१५ एप्रिल
आजवर गाजरं अकरा किलो. फरक निश्चित आहे. सौ. म्हणते, दात तेवढे केशरी झालेत.
शाळेत मान वाढलाय. कृष्णात हाताला धरून जिना उतरवून देतो. मुख्याध्यापकांनाही असं कुणी धरत नाही.

११ मे, सकाळी
काल सुपारी फोडायची होती. मुहूर्त गोरजाचा. मीच धरला होता. अंधश्रद्धा नाही, पण गाई घरी यायची वेळ शुभ असते. ती कातरवेळही असते, हे लक्षात राहिलं नाही.
अंगणात मांडव, पन्नास पाव्हणे. मी नवऱ्या मुलाला कुंकू लावलं. कपाळ टणक लागलं. हातानं चाचपलं, तर तो मांडवाचा खांब. तोवर अमरसिंह मामाच्या, म्हणजे माझ्या, पाया पडत होता. ते पाय आचाऱ्याचे निघाले. आचारी म्हणाला, आवं पावणं, मी भात बघाय आलोय.
पहिल्यांदा पोरं हसली, मग सगळेच.
बनाक्का उठली आणि भर मांडवात म्हणाली, बाळासो, तुझं डोळं गेल्यात, आन् बहिणीला सांगितलं न्हाईस? एक आंधळा मी सांभाळतोयच, आंधळ्याची पोरगी आनि कशाला? मी बाहेरची सून बघतो.
पाळण्यातला शब्द, सख्खी बहीण! मी ओरडलो, तुझ्या पोराचं काय? आवाजाच्या दिशेनं ओरडलो, पण ती केव्हाच बैलगाडीत बसली होती. मी तिच्या जावेवर ओरडत होतो.
पन्नास माणसांनी ऐकलं. म्हणजे पाच गावांनी. चार दिवसांत सगळं निवळेल.

२६ जून
निवळलं नाही. तीन स्थळं येऊन गेली. पहिला प्रश्न, मास्तर, डोळ्याचं कसं काय? तिसरा पन्हाळ्याकडचा बिजवर, दोन पोरांचा बाप, एक पाय अधू. तोही म्हणाला, विचार करून कळवतो. चहा मात्र दोनदा प्याला.
मुख्याध्यापकांनी रजा घ्यायला सांगितलं. विश्रांतीसाठी, सक्ती नाही.
सौ. म्हणते, एकाच ओळीवर तीन-तीन ओळी लिहिल्यात. शाई पसरत असेल.

१४ ऑगस्ट
आजपासून मी सांगणार आणि संयोगिता लिहिणार. अक्षर तिचं, विचार माझे. प्रकृती उत्तम. नव्या चष्म्यानं गुण येतोय. बनाक्काचा राग एव्हाना उतरला असेल. मुलीला झालं गेलं सगळं पटलेलं आहे.

इथपर्यंत आबांनी सांगितलं तसं लिहिलं. यापुढं मी लिहितेय.
मागची पानं वाचली. ओळी एकमेकींवर चढल्यात, तरी लागतात. सहा मार्चचं पान दोनदा वाचलं. आबांना माहीत होतं. बंब पेटवताना माहीत होतं, कुंकवाचं ताट हातात घेताना माहीत होतं.
आबा अजून सांगतायत, बनाक्काला पत्र टाकायचं म्हणतायत. पेन थांबलं की त्यांना कळतं, म्हणून थांबवत नाही. त्यांच्यापुढं बसून ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म पुरा केला. पालकाची सही लागते. म्हटलं, आबा, आजच्या पानाखाली सही करा. त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी शाळेच्या दाखल्यावर करायचे तशी ऐटीत सही केली.
मग म्हणाले, काय लिहिलंस ते वाचून दाखव.
मी वाचून दाखवलं, प्रकृती उत्तम, मुलीला सगळं पटलेलं आहे.
आबा म्हणाले, शाब्बास, असंच लिहीत जा.