सातभाईच्या घरट्यातली बारा मापं

नाशिक, ६ एप्रिल २०२५

ती. बाबांस, योगिताचा पाया पडून नमस्कार.

दाभोशाला फोन लागत नाही, म्हणून पार्सलातच पत्र घातलंय. सोबतचा चिमटा माप घ्यायचा आहे. शंभरावर वर्षांपूर्वी विलायतेत कुणीतरी कोकिळेच्या अंड्यांचा तक्ता केला होता. ती ज्या पाखराच्या घरट्यात अंडं टाकते, त्याप्रमाणे अंड्याचं माप बदलतं म्हणे. कोकिळेच्याच कुळातला आपला पावशा सातभाईच्या घरट्यात अंडं टाकतो, ते केवढं असतं? माझा एमएस्सीचा प्रकल्प त्यावरच आहे. पाच जूनच्या आत बारा मापं हवीत, नाहीतर वर्ष गेलं. परीक्षेमुळे मला येता येत नाही. निळ्या अंड्यांतलं थोरलं ते पावशाचं, हे तुम्हीच शिकवलंत. आईला सांगा, मी वेळेवर जेवते. माया असू द्या.

तुमची योगिता

दाभोसा, २० मे

चि. योगितास, बाबाचे पोटभर आशीर्वाद.

शाब्बास पोरी! शिकून शहाणी झालीस आणि बापाला या वयात झाडावर चढवलंस. शेजारचा तुका रोज विचारतो, आमलेट कधी खायला घालतोस. ऐनाच्या दोन झाडांवर घरटी होती, म्हणून त्यांच्या फांद्या राबाला तोडल्या नाहीत. जाळायला फांद्या कमी पडल्या, भाताच्या रोपाची जागा अर्धीच भाजून झाली. तुझी आई बडबडते आहे, बडबडू दे. बारा मापं दोन कागदांवर लिहिली आहेत. पास हो म्हणजे झालं. आठवण ठेव.

तुझा बाबा, लहान्या

नाशिक, २८ मे

ती. बाबांस, योगिताचा नमस्कार.

कागद मिळाले. पहिली तीन मापं वेगवेगळी आहेत. पुढची नऊ मात्र सव्वीस मिलिमीटर, सव्वीस, सव्वीस! अहो बाबा, एका कोंबडीची नऊ अंडीसुद्धा सारखी नसतात. सर पहिल्याच नजरेत ओळखतील. मला झोप नाही. तुमचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. काय झालं ते खरं लिहा, लगेच. वाट बघते.

योगिता

दाभोसा, २ जून

चि. योगितास आशीर्वाद.

पकडलंस. तीन घरट्यांत हात घातला, चिमटा लावला. तिन्ही घरट्यांवर सातभाई परत फिरकलेच नाय. अंडी थंड पडली, पावशाची आणि त्यांचीही. पुढच्या घरट्यापाशी हात वर जाईना गं. नऊ अंडी नुसती बघितली आणि अंदाजाने लिहून टाकली. तुझं वर्ष जाईल ही भीती होती. बापाने खोटं लिहिलं, माफ कर. आता तू करशील ते खरं.

लहान्या

नाशिक, ९ जून

ती. बाबांस, योगिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज आलं. पाच तारीख उलटून गेली. चार तारखेपर्यंत मी दोन्ही कागद समोर घेऊन बसले होते. तीन मापांच्या कागदावर तुमच्या अंगठ्याची माती होती, खाडाखोड होती. नऊ मापांचा कागद स्वच्छ, अक्षर वळणदार. तुम्ही एवढं नीट कधी लिहिता? मी नऊच्या नऊ ओळी खोडल्या आणि सरांना तसं सांगितलं.

वर्ष गेलं, बाबा. पावशाची अंडी आता पुढच्या उन्हाळ्यातच. त्या दिवशी खूप रडले, खोटं कशाला सांगू. आज तुमचं पत्र वाचून पुन्हा रडले, पण ते वेगळं.

पुढच्या वेळी मी स्वतः येते. लांबून फोटो काढून माप घ्यायची रीत आहे, ती शिकते आहे. कुणी हात लावायचा नाही. आईची समजूत तुम्ही काढा आणि त्या दोन ऐनांच्या फांद्या पुढच्या वर्षीही तोडू नका.

तुमचीच योगिता