विनीचा सत्कार आणि माझा डावा बूट

३ नोव्हेंबर

झालं! विनी पेन्हॉलच्या सत्काराचं भाषण माझ्याच गळ्यात. का, तर पायांच्या डॉक्टरांचं वार्तापत्र मी चालवतो. शिवाय आमच्या व्हायाला गावच्या एकाच दवाखान्यात आम्ही दोघांनी जन्मभर लोकांचे पाय पाहिले. विनी म्हणते, "रसेल, स्तुती केलीस तर उठून जाईन." म्हणजे जाईलच.

५ नोव्हेंबर

आठवणी काढतोय. विनीला चेहरे लक्षात राहत नाहीत. महापौर दुकानात भेटले, हिने ओळखलंच नाही. मग खाली बघितलं. ते सपाता घालून आले होते. "अरे, तुम्ही होय! कुरूप काय म्हणतंय?"

कुणाकडे जेवायला गेली की आधी दारातले बूट उलटे करून बघणार. माझ्या मेव्हण्याला म्हणाली होती, "कंबर दुखते ना? खोटं बोलू नकोस, टाच सांगतेय."

८ नोव्हेंबर

भाषण जमेना. त्यात पायरीला अडखळलो, लॅमिंग्टन केकची बशी अंगावर! जेनेट ओरडली, "पाय उचलून टाक की जरा!" बायकोला काय सांगणार — कुत्रा मधे येतो.

९ नोव्हेंबर

कुत्रा अंगणात होता. तरी अडखळलो. चटई बदलायला हवी.

१४ नोव्हेंबर

सत्कार. फुटबॉल क्लबचा हॉल, लाकडी जमीन. टाळ्यांत व्यासपीठावर चढलो. "आमच्या विनीने —" एवढंच बोललो आणि ती पहिल्या रांगेतून उठली. वाटलं, गेली! अजून स्तुती सुरूही नव्हती.

ती थेट वर आली. "परत चाल. तिकडून इकडे."

"विनी, भाषण —"

"चाल म्हणतेय ना!"

चाललो. लोक खो-खो हसताहेत. तिने मला तिच्याच मानाच्या खुर्चीत बसवलं, डावा बूट काढून उलटा केला. पुढचं टोक झिजून गुळगुळीत. मोज्याला भोक, त्यातून अंगठा! हॉल डोक्यावर.

"पंजे वर ओढ. दोन्ही."

उजवा आला. डावा आलाच नाही.

विनी हसत नव्हती. "कधीपासून?"

"कुत्रा मधे येतो —"

"कुत्र्याला नावं ठेवू नकोस. पाऊल आपटतंय तुझं, मला तिथे खाली ऐकू आलं. पायांचा डॉक्टर म्हणे! उद्या तपासून घे."

मानचिन्ह तिने एका हातात घेतलं. दुसऱ्यात माझा बूट. फोटो तोच आहे, वार्तापत्रात तोच छापावा लागणार.

२१ नोव्हेंबर

पाठीच्या कण्यात गाठ, पायाची नस दाबतेय. साधी आहे, निघेल. आणखी थांबलो असतो तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी ॲडलेडला ऑपरेशन.

विनी आत्ताच येऊन गेली. "भाषण राहिलंय तुझं. कर हवी तेवढी स्तुती. पण वर चालत जाऊन."