बुश बदलले, बोल्ट सैल आहेत

आदरणीय ऑरेस्तेदादा,

धाकट्या एल्व्हियोचा मनापासून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? तुरीनच्या थंडीत ती धरते हे ठाऊक आहे (इथे राहिला असतास तर धरली नसती, पण तो विषय नको). आम्ही सगळे खुशाल आहोत. निव्हेस मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, पण एरवी संसार सुरळीत आहे. आमच्या जिनेव्राच्या लग्नपत्रिकेला तुझं उत्तर मिळालं, "कामामुळे जमणार नाही." निवृत्त होऊन तुला नऊ वर्षं झाली, कसलं काम ते विचारत नाही. पोरीनं ते कार्ड वाचलं आणि खणात ठेवलं. मला ते लागलं, दादा.

असो. लिहितोय ते बाबांच्या लाल गाडीबद्दल. ती त्यांनी माझ्या नावे केली तेव्हापासून तू या घरी आला नाहीस, आणि जाताना "हा वर्षभरात तिची वाट लावणार" असं सगळ्यांसमोर म्हणाला होतास. त्याला सहा वर्षं झाली. वाट लावायला मला जरा उशीर झाला, एवढंच कबूल करतो.

जिनेव्राला चौदा जूनला चर्चमध्ये आजोबांच्याच गाडीतून जायचंय. पण गाडी खड्ड्यात गेली की पुढून भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज यायचा. लेआर्को मेकॅनिक (हो, अजून आहे, आणि अजून तेवढाच उद्धट) चाकाखाली डोकावून म्हणाला, की पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांमधले रबरी बुश वाळून टोस्ट झालेत, ऑगस्टनंतर आण, बघू. लग्न जूनमध्ये आणि हा बघणार ऑगस्टनंतर. म्हटलं, चार रबराचे तुकडे तर बदलायचे, त्यात काय एवढं?

जुने बुश ठोकून निघेनात, म्हणून जाळून काढले. धूर सरळ दोरीवर वाळत घातलेल्या, लग्नाच्या टेबलांच्या पांढऱ्या कापडांवर गेला. मग नवे बसेनात. कुठेतरी ऐकलं होतं, की बुश गोठवायचे आणि लोखंड तापवायचं. म्हणून बुश ठेवले फ्रीझरमध्ये, निव्हेसनं लग्नाच्या जेवणासाठी सारण भरून वळलेल्या कापेलेत्तींच्या डब्यात, आणि दांडे ओव्हनमध्ये. युक्ती अस्सल निघाली, बुश अलगद आत गेले. कापेलेत्तींना मात्र रबराचा वास लागला. सहाशे होत्या. (स्वयंपाकघराची बंदी त्या दिवसापासूनची.)

गाडी स्टँडवर, चाकं हवेत, अशा अवस्थेत मी सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. खाली उतरवली तर नाक वर करून उभी, थेट तुझ्यासारखी. दहा दिवस गावभर मिरवलो आणि अकराव्या दिवशी खडखडाट पुन्हा सुरू. लेआर्कोनं बारसमोर, पत्ते खेळणाऱ्या अख्ख्या मंडळींदेखत, गाडीखाली मान घालून विचारलं, "चाकं लोंबकळत असताना आवळलेस ना?"

मी म्हटलं, हो.

"मग रबर पिळून फाटणारच. गाडी आधी चाकांवर उभी करायची, जी माणसं बसणार ती आत बसवायची, आणि मग आवळायचं. तुझ्या बापानं एवढंही शिकवलं नाही तुला?"

शिकवलं होतं, दादा, पण तुला. हे मी बारमध्ये बोललो नाही, इथे बोलतो.

तर नवे बुश पुन्हा मागवून बसवलेत (दांडे यावेळी पावाच्या भट्टीवाल्याकडे तापवले), आणि चारही चाकं आता जमिनीवर आहेत. कंबरेला शेक देत जा. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
एल्व्हियो

ता. क. बोल्ट अजून सैल आहेत. गाडीत जागा दोनच. एकीवर जिनेव्रा बसेल. तिला हात धरून आत न्यायला मी चर्चच्या दारात उभा हवा, म्हणजे गाडी चालवायला मी नाही. आणि चालवणाऱ्याचं वजन आत असल्याशिवाय आवळायचं नाही, हे आता मला पाठ झालंय. तू अजून ऐंशी किलो आहेस ना? शुक्रवारी, बारा तारखेला, सकाळच्या गाडीनं ये.

आणखी एक. निव्हेसनं हे वाचलं आणि म्हणाली, "लेआर्को माणसांऐवजी सीटवर सिमेंटच्या गोण्या ठेवतो की. आपल्या परसात दोन पडल्यात." त्या मी आत्ताच शेजाऱ्याला देऊन आलो.