शेवटचा हात कुणाचा

अप्पा, यंदा तुमच्या फोटोला मी हार घालणार नाही. आईला तसं सांगून टाकलंय. का, ते आता ऐकाच. जिवंतपणी माझं एक वाक्य कधी पुरं ऐकून घेतलं नाहीत.

दहावीच्या सुट्टीत घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून मी तो फॉरमॅट केला, सिस्टीम नव्याने टाकली. त्याच आठवड्यात, त्याच्या आदल्या दिवशी, तुम्ही कुणाकडून तरी जुनी रॅमची पट्टी आणून त्यात बसवली होतीत. फॉरमॅटच्या दुसऱ्या दिवसापासून तो निळा पडदा दाखवून मधेच बंद पडायला लागला. तुम्ही कंपनीत मेंटेनन्सला. तिथे मशीन बिघडलं की पहिला प्रश्न एकच, शेवटचा हात कुणाचा? तोच प्रश्न तुम्ही दिघीच्या घरात, तुमच्या शिफ्टमधल्या काकांसमोर मला विचारलात. मी म्हणाले, माझा. तुम्ही म्हणालात, "झालं मग. हिच्या हातात मशीन टिकायचं न्हाई. डिप्लोमाचा फॉर्म ऱ्हाऊ दे, कॉमर्सला घाला हिला." मी मान खाली घालून कॉमर्सला गेले. आज चाकणला डिस्पॅचमध्ये बसून गाड्यांचे कागद काढते आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी दुसऱ्याला हाक मारते. वीस वर्षं मला खरंच वाटत आलं की माझ्या हातातच खोट आहे.

गेल्या रविवारी नवऱ्यानं आमचा कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि तो अगदी तसाच बंद पडायला लागला. त्यानं तीनदा सिस्टीम टाकली, ड्रायव्हर बदलले, पंखा साफ केला. शेवटी परवा मला सुट्टी होती, तो कामावर गेल्यावर मीच वैतागून कॉम्प्युटरचा डबा उघडला. रॅमच्या दोन पट्ट्यांमधली एक काढली. दुपारपर्यंत सुरळीत चालला. परत लावली, दहा मिनिटांत निळा पडदा. ती कायमची काढून ठेवली. लगेच आईला फोन केला, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "व्हय गं, ह्यांनीबी तसंच केलं हुतं. एक पट्टी काढली आन् झाला चालू. तुझी ॲडमिशन झाली हुती तवर. म्हणले, आता पोरीला सांगून काय उपेग?"

काय उपयोग! तुम्हाला कळलं होतं, अप्पा. तुमचीच पट्टी, तुमचाच हात, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. काकांसमोर माझी लाज काढताना बरी जीभ चालली. मला तुमचा राग येतो, आणि तो तुम्ही मेलात म्हणून कमी होत नाही.

हे पत्र लिहून झालं की फाडूनच टाकणार आहे मी. पण एक कबूल करते, नवऱ्यालाही चार-पाच दिवस मी तेच विचारत होते, शेवटचा हात कुणाचा? एकदा तर त्याच्या आईसमोर. काल तो खुशीत म्हणाला, "आपोआप बरा झाला बघ!" मी दुरुस्त केला हे सांगायला जीव नुसता तडफडतोय. पण ते सांगायचं तर आधी त्याची माफी मागावी लागेल, आणि दोन दिवस झाले, माझी जीभ रेटत नाही.