तीन महिने मासे जगवायचे

३ सप्टेंबर, मंगळवार

दूध जळालं. एकदा! चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं, भले भले सर्जन मला बघून हात पुन्हा धुवायचे, आणि आज एक पातेलं काळं झालं तर लगेच - ‘आई, आता एकटीनं राहणं बास.’ शेजारच्या वहिनींनी धूर बघून लेकाला फोन केला. भोचकपणा नुसता! (दार बडवून मला उठवलं तेही त्यांनीच. ते असो.)

लेक म्हणतो, माझ्याकडे चल, खोली तयार आहे. खोली तयार! मला काय ॲडमिट व्हायचंय? हे घर माझं, कपाट माझं, किल्ली माझी. मी हलणार नाही.

मग वहिनींनी घर आवरताना माझ्या गळ्यात मारलेली काचेची टाकी त्याला दिसली. म्हणाला, ‘बरं, यात तीन महिने मासे जगवून दाखव. मग विषय काढणार नाही.’ चेष्टेत म्हणाला. मी शब्द धरला.

८ सप्टेंबर, रविवार

टाकी दिवसभर न्हाणीघरात भरून ठेवली होती. थेंब गळला नाही. आज भक्कम बाकावर बसवली, खाली थर्माकोल. खिडकीपासून लांब - ऊन लागलं की शेवाळ माजतं. खडी इतकी धुतली, इतकी धुतली, की शेवटचं पाणी पिता आलं असतं!

बाक उचलायला लेक होता. तेवढंच त्याचं योगदान. एकटाच आला. सूनबाईला रविवारीही मीटिंग म्हणे. काय ती नोकरी!

९ सप्टेंबर

मासे आणायला गेले. दुकानवाली म्हणते, ‘आजी, आज मासे मिळणार नाहीत. आधी पाणी पिकू द्या.’

पहिली गोष्ट - आजी नाही, सिस्टर. दुसरी - पाणी पिकतं? तर म्हणे फिल्टर महिनाभर तसाच चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजतं, त्यावर चांगले जंतू वाढतात. माशांच्या घाणीतलं विष तेच खातात. चांगले जंतू! जन्मभर जंतूंच्या मागे हात धुऊन लागले मी, आणि आता पैसे देऊन पाळायचे!

फिल्टर, हीटर, थर्मामीटर, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचं औषध आणि पाणी तपासायच्या पट्ट्या घेऊन आले. मासे सोडून सगळं. मुदत मात्र ३ तारखेपासूनच मोजायची, पाणी पिकायचा महिना धरून; लेकाकडून फोनवर कबूल करून घेतलं.

१९ सप्टेंबर

वहिनी डोकावल्या. ‘अहो, नुसतं पाणीच बघत बसता?’ हो! माझं पाणी, मी बघीन.

पट्टीवर अमोनिया चढलेला. कागदावर तक्ता आखून टाकीला चिकटवला - तारीख, तापमान, पट्टीचा रंग. पेशंटच्या खाटेला असायचा तसाच. टाकीला रुबाब आला.

६ ऑक्टोबर, रविवार

आले! सहा गप्पी, सोबत एक पाणवनस्पती. अमोनिया शून्यावर आला, तेव्हाच दुकानातल्या बाईने दिले. पिशवी आधी तशीच टाकीत तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घालत गेले. लेकाची घाई - ‘सोड की आता!’ म्हटलं, गप्प बस. भूल उतरवायला घाई करतात का कधी?

सोडले. काय ती शेपटी, काय तो तोरा! एक नर तर असा मिरवतो, जणू टाकी त्यानेच भरली.

लेक जेवून उशिरापर्यंत टाकीपुढे बसला होता. वाळलाय. विचारलं, तर ‘काम आहे गं.’ सूनबाईला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला - ‘कामात आहे, आई.’ दोघंही कामात. कमाल आहे बाई!

१७ ऑक्टोबर

आज टाकीची अशी सफाई केली की बघत राहावं. फिल्टरचा स्पंज काढला तर - शी! तपकिरी, बुळबुळीत, गिळगिळीत. माझ्या घरात हे? साबण नाही लावला, तेवढं कळतं मला. कुकरमध्ये घातला. तीन शिट्ट्या. नवाकोरा निघाला! खडी उपसून उकळत्या पाण्यात धुतली, पाणी सगळं बदललं. क्लोरीनचं औषध न विसरता.

काच अशी चकचकीत, की टाकी आहे की नाही कळू नये.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन गेले. बाकीचे वर येऊन तोंडं वासताहेत. पट्टी लावली - अमोनिया!

खुर्चीत बसले आणि डोक्यात उजेड पडला. अगं बाई! कडक औषधं दिली की पोटातले चांगले जंतूही मरतात आणि पेशंट बिघडतो, हे मी शिकाऊ नर्सेसना कितीदा सांगितलं असेल. तेच मी केलं. ती घाण नव्हती, तेच ते जंतू होते. मी त्यांना वाफवले!

निम्मं पाणी बदललं. खाणं बंद. रडू आलं. माशांसाठी रडले, खोटं कशाला बोलू? आणि उद्या रविवार, लेक येणार.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी तिसरा गेला. दुकान उघडताच गेले. सगळं सांगितलं. कुकरचं ऐकून ती बाई हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग आपल्या टाकीतल्या मळक्या स्पंजाचा तुकडा कापून दिला. म्हणाली, ‘घ्या सिस्टर, विरजण.’

समोर गप्पी पोहत होते, हुबेहूब तसेच. तीन घेतले असते तर लेकाला पत्ता लागला नसता. बोट पुढे झालं होतं, खरंच. पण पोट शिवायच्या आधी बोळे मोजून आकडा जुळवायचा, यावर मी सर्जनलासुद्धा थांबवून ठेवलेलं. आता माशांचा आकडा खोटा सांगू? नाही घेतले.

लेक आला. दारातच सांगितलं - तीन मेले, माझ्या हातून, कुकरपायी. मनात म्हटलं, आता म्हणणार, ‘बांध सामान.’ तर तो नुसता म्हणाला, ‘तीन राहिलेत ना? त्यांना वाचव.’ आणि बाह्या वर करून बादल्या भरायला लागला.

हसला नाही, रागावला नाही. मला तर तेच टोचलं. माझी आशाच सोडली की काय याने?

२८ ऑक्टोबर

रोज बादलीभर पाणी बदलते. चिमटीत मावेल तेवढंच खाणं. पट्टी आज फिकट. तिघं तग धरून आहेत - दोन माद्या आणि तो मिरवणारा नर. आणि मी!

५ नोव्हेंबर

अमोनिया शून्य! तक्त्यावर लाल पेनाने लिहिलं आणि खाली सहीसुद्धा ठोकली.

१२ नोव्हेंबर

प्रसूती!! सकाळी दिवा लावला तर वनस्पतीच्या पानांत डोळेच डोळे. नखाएवढी पिल्लं! गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. मोठे पिल्लांना गिळतात, म्हणून धावत जाऊन तरंगती वनस्पती आणली. लपायला भरपूर जागा झाली. बाळंतीण ठणठणीत.

वहिनींना बोलावून दाखवलं. चष्मा लावून तासभर बसल्या. ‘मला पण शिकवा ना हो,’ म्हणाल्या. आता कशा! म्हटलं, शिकवीन, पण कुकर वापरायचा नाही. खरं तर हवेत होते मी आज. दिसेल त्याला सांगत सुटले.

२४ नोव्हेंबर, रविवार

पिल्लं रंगायला लागली. मळका स्पंज आता टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळते आणि तसाच परत ठेवते. मी! कोणाला खरं वाटेल?

लेकाने आज स्वतः पट्टी लावली, स्वतः तक्ता भरला. म्हटलं, ३ डिसेंबरला मुदत संपते, पुढच्या रविवारीच निकाल तयार ठेव. बघतच राहिला माझ्याकडे. सूनबाई आजही नाही. पुढच्या वेळी कान धरून आणायला सांगितलं आहे.

१ डिसेंबर, रविवार

जिंकले. लेक दारात उभा, हातात मोठी बॅग. ‘जिंकलीस, आई,’ म्हणाला आणि लहान असताना रडायचा तसा रडला. सूनबाई मार्चमध्येच सोडून गेली आहे. मार्चमध्ये! ती खोली माझ्या काळजीने तयार केलीच नव्हती. ‘संध्याकाळी कुलूप काढायला नको वाटतं गं,’ म्हणाला. ‘तू एकटीनं कसं जमवतेस, तेच बघायला येत होतो दर रविवारी.’

पाठीवरून हात फिरवत राहिले. आतल्या खोलीत त्याची गादी घातली आहे. किल्ली उद्या दुसरी करून आणते.