शंभर वॉटचा गृहस्थ

जठारपेठ, अकोला
चैत्र वद्य पंचमी, भर दुपार (तापमान पाहण्याचे धैर्य नाही)

स्वस्ति श्री बडनेरा-जंक्शन-भूषण, सिग्नल-स्तंभ-विशारद, कूलरद्वयाधिपती, आमरस-संहारक, भगिनीवत्सल, ज्येष्ठ श्यालकशिरोमणी पंजाबराव यांच्या चरणी (जावयाने मेव्हण्याच्या चरणी लागण्याची रीत नाही, हे मी जाणतो; परंतु भयग्रस्तास रीत कोठली?) सहदेवाचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे, लीलावहिनींचा रक्तदाब आणि दोन्ही कूलर यांचे कुशल कळवावे. आमच्याकडील कुशल खाली सविस्तर लिहीत आहे, कारण ते शिल्लक आहे किंवा कसे, याचा निर्णय मला एकट्याला करवत नाही.

आपली भाची चि. आचल फाल्गुनात चिखलदऱ्यास आठ दिवसांच्या शिबिराला गेली होती. येताना कॉफी आणील, अशी माझी भाबडी अपेक्षा. तिने कॉफी आणली (पाव किलो), पण त्यासोबत पर्माकल्चर नामक शास्त्रही आणले. अरण्यात काही वाया जात नाही, तेथे कोणी रिकामे बसत नाही, तद्वत शेत आणि घरही चालवावे, हा त्याचा मथितार्थ. यास कोण सुज्ञ हरकत घेईल? मी तर त्या रात्री जेवताना या विषयावर वीस मिनिटे अनुमोदनपर भाषण केले. त्या भाषणातील एकेक शब्द आज मला परत गिळावासा वाटतो.

आरंभ निरुपद्रवी होता. आंघोळीचे पाणी केळीस जाऊ लागले. डाळ एका शिट्टीनंतर गॅसवरून उतरवून गोधडीने वेढलेल्या टोपलीत ठेवावी, की ती स्वतःच्याच उष्णतेने शिजते. सकाळी नवाला खिडक्या बंद, सूर्यास्तानंतर उघड्या. विजेचे बिल निम्म्यावर आले आणि मी गाफील राहिलो. मग एके दिवशी आचलने एक जाड रजिस्टर काढले आणि सूत्र वाचून दाखवले: घरातील प्रत्येक वस्तूने किमान तीन कामे केली पाहिजेत. आपली भगिनी भावना आणि आचल, दोघी मायलेकी वस्तूगणिक फिरू लागल्या. इस्त्री एकच काम करते असे आढळले. ती त्याच दिवशी भंगारात गेली. आता माझे पायजमे गादीखाली, माझ्याच देहभाराने, रात्रभर इस्त्री होतात. हे माझे एक काम म्हणून नोंदवावे, असा अर्ज मी तोंडी केला. ते काम गादीच्या नावे आधीच जमा झालेले होते.

यानंतर मंडले आली. जी वस्तू दिवसातून दहा वेळा लागते ती स्वयंपाकघराजवळ, मंडल एकमध्ये. जी क्वचित लागते ती दूर. आणि जिच्याकडे कोणी फिरकत नाही ते मंडल पाच. आमच्या घरात मंडल पाच म्हणजे गच्चीवरची टिनाची खोली. वैशाखात तेथे पापड उन्हाविना भाजतात. आता ऐका. माझी खुर्ची हॉलमध्ये, पंख्याच्या बरोबर खाली असे. सोमवारी ती व्हरांड्यात आढळली. बुधवारी जिन्याच्या वळणावर. पंजाबराव, तिची दिशा आपल्या ध्यानी आली असेल. जिन्यावर बसले असता माथ्यावरचे टिन उन्हाने कडकड वाजते, ते स्पष्ट ऐकू येते.

उपयुक्तता सिद्ध केल्यावाचून गत्यंतर नाही, हे ओळखून मी डाळीच्या टोपलीची राखण अंगावर घेतली. डाळीस राखण कशाला, असे आचलने विचारले; उत्तरादाखल मी टोपलीस दोन्ही हातांनी कवटाळून बसलो. शिजते की नाही या धास्तीने दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहिले. परिणामी सगळी ऊब निघून गेली आणि दुपारी ताटात तूर खडखड वाजली. दुसरा प्रयत्न केळीचा. आंघोळीचे पाणी बादलीने वाहून नेण्याचे श्रम वाचावेत, एतदर्थ मी केळीच्या आळ्यातच उभा राहून (पंचा नेसून, हे आवर्जून नमूद करतो) स्नान केले. शेजारच्या माणिकबाई भिंतीपलीकडे कुरड्या घालत होत्या. त्या ओरडल्या, "अवो भावना! तुये मिस्टर केळीले पानी देऊन राह्यले, का केळ यायले आंघोळ घालून राह्यली?" रजिस्टरात त्या दिवशी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिले गेले. काय लिहिले, ते विचारण्याचे धाडस झाले नाही.

मग निरीक्षण-सप्ताह. आधी निरीक्षण, मग हस्तक्षेप, हे या शास्त्राचे पहिले वचन आहे. आठवडाभर आपली भाची समोर बसून माझ्याकडे, विहिरीत पाणी किती उरले ते पाहावे तसे पाहत होती. रविवारी निष्कर्ष आला. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे मी हिवाळ्यात उपयोगी (माझ्या शेजारी ठेवल्यास विरजण लवकर लागेल), आणि उन्हाळ्यात उपद्रवी. आपल्या भगिनीने थर्मामीटर भिंतीवर टांगले आणि ती म्हणाली, "तुमी भाईर गेले का अर्धा डिग्री उतरते. पाहा तुमीच." मी बाहेर गेलो, पारा उतरला. आत आलो, चढला. यंत्रदोष असेल या आशेने पाच वेळा आत-बाहेर केले. शेवटी आचल कनवाळूपणे म्हणाली, "बाबा, बसा आता. चालल्यानं वॉट अजून वाढते."

तरीही मी धीर धरला असता. परंतु काल दोघी भाजीबाजारात गेल्या असता मी ते रजिस्टर उघडले. (चोरून.) या शास्त्राचे एक परम नीतितत्त्व असे, की जे अतिरिक्त झाले ते साठवू नये, आप्तेष्टांत वाटून टाकावे. त्या शीर्षकाखाली यादी होती. दुधीभोपळे तीन: माणिकबाई. कढीपत्ता: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर. बाबा: बडनेरा, पंजाबमामा, वैशाख-ज्येष्ठ. नोंद पेन्सिलीने होती, म्हणून क्षणभर आशा वाटली; मग आठवले, की आचल सगळेच पेन्सिलीने लिहिते, कारण पेन्सिलीचा भुसा खतात जातो.

गेल्या दिवाळीत खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, की यांची उणीव भासेल. खात्यास ती भासली नाही, हे मी समजू शकतो. टिनाच्या खोलीचे, किंवा आपल्या घराचे तर मुळीच, मला भय नाही. मी गेल्यावर घर खरोखरच अर्धा अंश थंड राहील, आणि दोघींस ते बरे वाटेल, या विचाराने दुपारी जिन्यावर बसल्या बसल्या मला थंडी वाजते.

असो. लीलावहिनींस नमस्कार. कळावे, लोभ असावा. अतिरिक्त झाल्यास वाटू नये.

आपला,
सहदेव

ता. क. पत्राचे खरे कारण: भावना गुरुवारी आपणांस फोन करील. कृपया नकार द्यावा. रंगकाम काढले आहे म्हणावे, दोन्ही कूलर बिघडले म्हणावे. धाकट्या बहिणीस नाही म्हणण्याची आपणांस सवय नाही. तोवर लीलावहिनींवर थोडा सराव करावा.

ता. क. दुसरे: पत्र टाकायचे राहिले, आणि तिने आजच फोन केला. मी जिन्यावरून ऐकत होतो. पहिल्या वाक्यालाच आपण "पाठव, पाठव, मले मानूस पायजेच होता" असे म्हणालात, एवढे फोनबाहेर स्वच्छ ऐकू आले. त्यानंतर आपण म्हणे माझ्याजोगी तीन कामे सांगितलीत. आचलने ती लिहून घेतली, समाधानाने रेघ ओढली, आणि विचारले असता दोघी हसतात. कोणती तीन, पंजाबराव? आपण उलट टपाली कळवावे. जमण्यासारखी असल्यास मी ती इथेच करून दाखवतो. नसल्यास शनिवारच्या पॅसेंजरने निघतो.

ता. क. तिसरे: निघतो म्हटले खरे, पण माझ्या डाव्या बुटात आचलने कोथिंबीर पेरली आहे. ती उगवून आली असून, हंगाम संपेतो हलवू नये, असे सांगण्यात आले. उजवा बूट रिकामा आहे. चपलेचा अंगठा गेल्या आठवड्यात तुटला, आणि चौकातला चांभार लग्नाला गावी गेला आहे. कधी येईल, ते कोणालाच माहीत नाही.