पाकिटातला फोटो

मंगळवार, संध्याकाळ. संगमनेर

आज दुपारी वैदेहीनं दुकानाच्या काउंटरवर फॉर्म ठेवला आणि माझा खेळ संपला. आम्ही एका वर्गातले. मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, ती शाळेत संस्कृत शिकवते. आता तिला शिक्षकांच्या शिष्यवृत्तीवर ग्रीसला जायचंय, दोन वर्षं, जुनी ग्रीक शिकायला. मेलेली भाषा! इथं जिवंत माणूस झेरॉक्स काढत बसलाय, तो दिसत नाही.

फॉर्मवर फोटो चिकटवून आजच पाठवायचा होता. तिचे फोटो संपलेले, लाइट गेल्यानं आमचा प्रिंटर बंद.

"आता काय करू रे?" रडवेली झाली.

माझ्या पाकिटात तिचा फोटो होता. गेल्या वर्षी आठ छापले, सात दिले. गप्प बसलो असतो तर राहिली असती इथंच. मूर्खा, कशाला काढलास?

काढला. कडा झिजलेल्या. तिनं उलटसुलट बघितला.

"तरीच एक कमी भरला व्हय? चोर कुठला!" हसली आणि डिंक मागितला. डिंक!

फॉर्मचा फोटो काढून मोबाईलवरून पाठवला. पाकिटातली ती जागा रिकामी. फोटो का ठेवला होतास, एवढंही विचारलं नाही बाईनं. मग न विचारताच सांगतो. तिच्या घरीच चाललोय, आत्ता. वही ठेवतो, दार ओढून घेतो.